वसंतातील उथळ पाणी व क्रॅपी मासा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेनेसी, केंटकी, मिसिसिपी व अलाबामा ह्या दक्षिणेकडील राज्यांत, शेताच्या सखल कोपऱ्यास बांध घालून पाणी अडविण्याची वहिवाट आहे. 1935 साली तेथे मृदसंधारणाचे सरकारी खाते स्थापन झाले, तेव्हापासून ह्या कामास सल्ल्याचे व साहाय्याचे पाठबळ मिळत गेले. गुरांस पाणी, जमिनीची धूप थांबणे व घरच्या ताटात मासे, असे तीन लाभ एकाच बांधापासून होऊ लागले. ह्यांपैकी तिसऱ्या लाभाच्या बाबतीत तेथील शेतकऱ्यास जो मासा अत्यंत प्रिय आणि त्याचबरोबर अत्यंत तापदायक झालेला आहे, तो क्रॅपी होय. आपल्याकडे हा मासा नाही, व तो आणावा असेही आमचे म्हणणे नाही. परंतु ज्यांनी शेततळे खोदले आहे किंवा खोदण्याचे मनात आणले आहे, त्यांस त्याच्या हकिकतीतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

क्रॅपीच्या दोन जाती आहेत, एक पांढरी व दुसरी काळी. रंगावरून त्या ओळखू जाल तर फसाल, कारण विणीच्या दिवसांत पांढऱ्या जातीचा नरही काळवंडतो. खरी खूण पाठीवरच्या पराची. त्यातील टणक काटे मोजावेत. पाच-सहा भरले तर पांढरी जात, सात-आठ भरले तर काळी. पांढऱ्या जातीच्या अंगावर उभे पट्टे असतात, काळीच्या अंगावर विखुरलेले ठिपके. पांढरीस गढूळ पाणी चालते, तर काळीस नितळ पाणी व पाणवनस्पती मानवतात. दोहोंचे मांस पांढरे, मऊ व रुचकर असते. लुइझियानातील फ्रेंच बोलणारे लोक ह्या माशास जे नाव देतात त्याचा शब्दशः अर्थ ‘दुधाची पिशवी’ असा होतो. सामान्यतः हा मासा अर्ध्या ते एक पौंडाचा मिळतो. पांढऱ्या जातीतील पाच पौंडांहून अधिक वजनाचा एक मासा मिसिसिपीतील एनिड धरणापाशी 1957 साली सापडला, व काळ्या जातीतील सुमारे साडेपाच पौंडांचा एक 2018 साली टेनेसीतील एका तळ्यात गळास लागला. ह्यांस अपवादच समजावे.

वर्षाचा बहुतेक काळ क्रॅपी खोल पाण्यात थव्याने राहतो आणि तेथे त्याचा ठाव लावणे जिकिरीचे असते. वसंतात मात्र तो आपण होऊन काठाशी येतो. ह्याचे कारण वीण. पाण्याचे उष्णतामान 60 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 16 अंश सेल्सियसच्या, आसपास पोहोचले की नर उथळ पाण्यात शिरून तळावर लहानसा खळगा साफ करतो; 68 अंशांपर्यंत विणीचा भर असतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर तेथेच राहतो, परांनी पाणी हलवून अंड्यांस वारा घालतो व जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. अंडी थोड्याच दिवसांत फुटतात. म्हणून ऐन विणीत काठालगत जो मासा गळास लागतो तो बहुधा राखण करणारा काळसर नर असतो. अंड्यांनी भरलेल्या माद्या त्याच्या मागे, किंचित खोल पाण्यात, आपल्या वेळेची वाट पाहत असतात.

येथे पंचांगापेक्षा उष्णतामापकावर भिस्त ठेवावी हे उत्तम. आखाताच्या किनाऱ्याकडे ही वेळ फेब्रुवारीअखेरीस येते, टेनेसीत मार्च-एप्रिलमध्ये, व उत्तरेकडे मे उजाडतो. जुने कोळी डॉगवुडचे झाड फुलले की काठी बाहेर काढतात. ही खूण अगदीच निराधार नव्हे, कारण झाड व पाणी दोन्ही एकाच उन्हाने तापतात. तथापि दोऱ्यास बांधून पाण्यात सोडलेली काचेची नळी अधिक विश्वासू, हे आम्ही आग्रहाने सांगू.

जागेची निवडही ह्याच तत्त्वावर करावयाची. उत्तरेकडील काठास दक्षिणेचे ऊन सरळ मिळते व थंड वाऱ्याचा आडोसाही असतो, म्हणून तेथील उथळ खाड्या प्रथम तापतात व मासाही तेथेच प्रथम येतो. पाणी गढूळ असेल तर तो दोन-तीन फुटांतही सापडेल. नितळ असेल तर अधिक खोल शोधावा. उघड्या, स्वच्छ तळावर तो क्वचितच राहतो. बुडालेले खुंट, पडलेल्या झाडांच्या फांद्या, लव्हाळ्याची कड ही त्याची आवडती ठिकाणे. 1811-12 सालच्या भूकंपांत टेनेसीतील जमीन खचून रीलफूट नावाचे सरोवर झाले. ते उथळ असून त्यात सायप्रसची झाडे व जुने खुंट ठिकठिकाणी आहेत. क्रॅपीसाठी त्याची ख्याती का आहे, हे वेगळे सांगावयास नको. जेथे असा आसरा नाही, तेथे लोक झाडांच्या फांद्यांचे भारे दगड बांधून बुडवितात किंवा तळात खुंट्या ठोकतात.

साधने अगदी साधी आहेत. दहा-बारा फुटांची हलकी काठी, बारीक दोरा, एक लहान बूच, आणि बारीक तारेचा गळ. बारीक तार घेण्यात हशील असे की गळ फांदीत अडकला तर ओढल्याने तो सरळ होऊन सुटतो व दोरा तुटत नाही. आमिष म्हणून मिनो जातीची जिवंत बारीक मासोळी लावतात, नाही तर शिशाच्या मण्यावर पिसांचा झुबका बांधलेला गळ वापरतात. दोरा लांब फेकू नये. नाव किंवा पाय जितके हळू नेता येतील तितके नेऊन खुंटाच्या अगदी कडेस आमिष अलगद सोडावे व स्थिर ठेवावे. क्रॅपीची दृष्टी वरच्या बाजूस असते; तो वर येऊन खातो, खाली जाऊन सहसा खात नाही. म्हणून आमिष माशाच्या किंचित वरच राहील अशा बेताने बूच बांधावे. बूच झपाट्याने बुडेलच असे नाही, कित्येकदा ते नुसते आडवे पडते. त्या वेळी हिसका देण्याचा मोह आवरला पाहिजे. ह्या माशाचे ओठ कागदासारखे पातळ असल्यामुळे हिसक्याने ते फाटतात व हाती काही राहत नाही. काठी नुसती वर उचलावी.

मध्येच थंड वारे सुटले तर काठावरचा मासा दोन-चार दिवस खोल पाण्यात परततो. अशा वेळी जागा बदलीत हिंडण्यापेक्षा त्याच जागेच्या बाहेरच्या कडेस थोडे खोल सोडून पाहावे. मोठ्या धरणांत आणखी एक गोष्ट घडते. ऐन विणीत पाणी सोडले तर घरटी उघडी पडून अंडी वाळतात; उलट वसंतात पाणी चढते राहिले तर त्या वर्षीची पैदास पुष्कळ होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. विणीवर आलेला मासा धरावा काय? विस्तीर्ण जलाशयात क्रॅपीची पैदास गळापेक्षा पाण्याच्या चढउतारावर अधिक अवलंबून असते, आणि किती व केवढे मासे घ्यावेत ह्याचे नियम तेथील प्रत्येक राज्याने घातलेले आहेत. ते पाळावेत म्हणजे झाले. शेतकऱ्याच्या दोन-तीन एकरांच्या तळ्यात मात्र प्रश्न अगदी उलट आहे. एक मादी हजारो अंडी घालते, काही तर लाखाच्या वर. इतक्या पिलांस पुरेल एवढे अन्न लहान तळ्यात नसते. परिणामी चार-पाच इंचांवर वाढ खुंटलेल्या माशांनी तळे भरून जाते, आणि मोठ्या तोंडाच्या बास माशाच्या पिलांसही हेच खुरटे मासे खाऊन टाकतात. अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल ह्यांनी 1930 नंतरच्या काळात शेततळ्यांवर जे दीर्घ प्रयोग केले, त्यांत खाणारे व खाल्ले जाणारे मासे ह्यांचा समतोल हीच तळ्याची किल्ली ठरली. त्यांनी बास व ब्लूगिल ही जोडी पुरस्कारिली. लहान तळ्यात क्रॅपी सोडू नये, असाच सल्ला तेथील मत्स्यतज्ज्ञ सामान्यतः देतात.

पण एकदा तो शिरला म्हणजे काय? तेव्हा वसंतातील गळ ही करमणूक न राहता निंदणीसारखे शेतकामच होते. भरलेल्या माद्या अंडी घालण्यापूर्वी काढाव्यात, बास राखावेत, आणि लहान क्रॅपी दया येऊन पुन्हा पाण्यात टाकू नयेत. खाण्याजोगे नसतील ते कोंबड्यांस घालावेत किंवा खतात पुरावेत. लहान मासा सोडून देणे हा सद्गुण असल्याची समजूत मोठ्या पाण्यावरची आहे. छोट्या तळ्याचा तिनेच नाश होतो.

आपल्याकडे ह्या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात. मृगाच्या पावसात कोकणात चढणीचे मासे गाभोळी घेऊन ओढ्यांतून भातखाचरांत शिरतात. तेथे वलगणीस निघालेल्यांनी वाटेवरचा प्रत्येक मासा उचलला तर पुढील वर्षी त्या ओढ्यात मासा दिसणार कोठून? तेथे हात आवरणेच योग्य. शेततळ्यात सोडतात ते कटला, रोहू व मृगळ वाहत्या पाण्यावाचून वीत नाहीत. त्यांची बोटुकली विकत आणावी लागते. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी ह्यांनी ह्या कार्प माशांस टोचणीने वीण करावयास लावले, त्यापूर्वी त्यांचे बीज मुख्यतः नद्यांतूनच गोळा करावे लागे. आपल्या तळ्यात क्रॅपीची जागा घेते ती चिलापी. 1952 साली ही जात प्रथम ह्या देशात आणली गेली. ती तीन-चार महिन्यांची होताच विते, तळाच्या चिखलात खळगे करते, आणि बोटुकल्यांसाठी टाकलेले खाद्य आपणच फस्त करते. ती न मागता येते: बोटुकल्यांच्या पिशवीतून, नाल्याच्या पाण्यातून, कधी पंपातूनही. म्हणून बीज सोडण्यापूर्वी परातीत ओतून निवडून घ्यावे व पाणी घेण्याच्या तोंडास बारीक जाळी बांधावी. शिरलीच तर गळाने व जाळ्याने जितकी निघेल तितकी, लहानमोठी न पाहता, काढीत राहावे, आणि उन्हाळ्यात तळे पूर्ण आटवून तळास भेगा पडेपर्यंत ऊन खाऊ द्यावे. मध्यभागी ढोपरभर पाण्याचा एखादा खड्डा राहू देऊ नये. तेवढ्यातही ती तग धरते.