सहा छायाचित्रे, एक पान : जखमेची वाटचाल एकत्र मांडण्याची संगणकीय रीत

सी. टी. स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून पाहिली नाही, असा डॉक्टर आपल्या सभासदांत क्वचितच असेल. १४ बाय १७ इंचांच्या त्या एका फिल्मवर वीसएक छेद ओळीने मांडलेले असतात. डोळा एका चौकटीवरून दुसरीवर सरकत जातो आणि एकेका छेदात न कळणारी गोष्ट त्या ओळीत कळते. दृष्टिपटलाची वेगवेगळ्या भागांतील छायाचित्रे जोडून एक चित्र करण्याची पद्धत नेत्रतज्ज्ञांनाही परिचित आहे. त्याला ते 'मॉन्टाज' म्हणतात. चित्रपटाच्या संदर्भात हाच शब्द वेगळ्या अर्थाने आपल्या कानांवर आलेला असतो. प्रस्तुत लेखात त्याचा अर्थ साधा आहे : अनेक चित्रे फरश्यांप्रमाणे शेजारीशेजारी बसवून त्यांचे एकच चित्र करणे.

क्रमाने घेतलेल्या चित्रांचे सामर्थ्य मराठी माणसाने फार लवकर ओळखले होते. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली येण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची थोड्या थोड्या अंतराने टिपलेली ती चित्रे होती. बी ते रोप हा अनेक दिवसांचा प्रवास प्रेक्षकाला काही क्षणांत दिसला. आपल्याकडे येणारी जखमही अशीच दिवसांच्या अंतराने बदलत असते. फाळक्यांनी चित्रे एकामागून एक दाखवली, आपण ती एका पानावर मांडणार आहोत, एवढाच फरक.

निपाणी परिसरात या गोष्टीची निकड का आहे, हे वेगळे सांगावयास नको. तंबाखूचे शिवार, वखारी आणि विडीचा धंदा यांचा हा मुलूख. १९०८ साली लिओ ब्यूर्गर यांनी ज्या विकाराचे सविस्तर वर्णन केले आणि जो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, त्याचा तंबाखूशी असलेला संबंध सर्वज्ञात आहे. समजा, चाळिशीतला एक हमाल पायाच्या अंगठ्यावरील काळी पडलेली जखम घेऊन खेड्यातील दवाखान्यात येतो. त्याची विडी सुटते की नाही यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. पण शल्यचिकित्सकाला एक नेमका प्रश्न सोडवायचा असतो : काळ्या भागाची सीमारेषा स्थिर आहे की वर सरकते आहे? बोटावर भागेल की पाऊल जाईल, हे त्या उत्तरावर ठरते. शल्यचिकित्सक बेळगावला असतो, नाहीतर कोल्हापूर-मिरजेला. त्याच्याकडे मोबाइलवरून एकापाठोपाठ सहा छायाचित्रे जातात. कोणते आधीचे, कोणते नंतरचे हे पत्ता लागत नाही. त्यात एखादे आडवे झालेले असते, एखादे दुसऱ्याच रुग्णाचे निघते. भारतातील दूरवैद्यकाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा रीतीने पाठविलेल्या चित्रांच्या आधारे सल्ला देण्यास मान्यता दिलेली आहे. तेव्हा ती चित्रे नीट मांडून पाठविण्याची जबाबदारीही आपलीच ठरते.

मोबाइलवर कोलाज करून देणारी ॲप्स पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाचा त्यांना विरोध आहे. चौकट भरून निघावी म्हणून ती चित्राच्या कडा कापतात, आणि आपल्याला नेमकी जखमेची कडाच पाहायची असते. काही ॲप्स त्वचेचा रंगही उजळून 'सुंदर' करतात. शिवाय अनेकदा रुग्णाचे चित्र कोणत्या तरी परक्या संगणकावर जाऊन येते. त्यापेक्षा आपल्याच संगणकावर चालणारे 'इमेजमॅजिक' हे विनामूल्य सॉफ्टवेअर बरे. जॉन क्रिस्टी यांनी ड्यूपाँट कंपनीत असताना १९८७ मध्ये त्याची सुरुवात केली आणि १९९० मध्ये ते सर्वांना खुले झाले. त्यात बटणे दाबत बसायचे नसते. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एका ओळीची आज्ञा लिहायची. हे प्रथम जुनाट वाटते. पण एकदा बसवलेली ओळ प्रत्येक रुग्णासाठी, प्रत्येक वेळी, अगदी तशीच चालते. औषधाच्या ठरलेल्या मात्रेसारखा तिचा उपयोग होतो.

आज्ञा इंग्रजी लिपीतच लिहावी लागते. येथे ती उच्चाराप्रमाणे देत आहोत. ('एक्स' म्हणजे ते इंग्रजी अक्षर.)

मॅजिक मॉन्टाज -लेबल %टी *.जेपीजी -टाइल ३एक्स२ -जॉमेट्री ६००एक्स६००+१२+१२ तयार\पान.जेपीजी

हिचा अन्वय असा. पहिले दोन शब्द म्हणजे कोणते काम करायचे ते. 'लेबल' प्रत्येक चित्राखाली मथळा लिहिते आणि 'टक्का-टी' म्हणजे त्या फाइलचे नाव, शेवटचा जेपीजी वगळून. ताऱ्याच्या खुणेमुळे फोल्डरमधील सर्व जेपीजी चित्रे घेतली जातात. 'टाइल' म्हणजे तीन स्तंभ, दोन ओळी. 'जॉमेट्री'त चौकटीचा आकार बिंदूंत दिला आहे आणि अधिक चिन्हांपुढे भोवतीची मोकळी जागा. 'जॉमेट्री' लिहिली नाही तर प्रत्येक चित्र १२० बिंदूंच्या चौकटीत, तिकिटाएवढे होऊन बसते. नवख्याची पहिली निराशा बहुधा येथेच होते. चित्रे आठ असतील आणि चौकटी सहाच, तर सॉफ्टवेअर तक्रार करीत नाही, शून्य आणि एक असे क्रमांक देऊन दोन पाने तयार करते. मोबाइल आडवा-उभा धरल्याने चित्रे लोळली असतील, तर चित्रांच्या नावांनंतर 'ऑटो-ओरिएंट' हा पर्याय घालावा.

आज्ञेतील शेवटचे नाव हे नेहमी तयार होणाऱ्या चित्राचे धरले जाते, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. ते लिहावयाचे राहिले, तर यादीतील शेवटच्या मूळ छायाचित्राचे नावच त्या जागी येते आणि त्यावर नवे चित्र लिहिले जाते. रुग्णाचा पुरावा गेला तो गेलाच. म्हणून मूळ छायाचित्रे एका फोल्डरमध्ये कायम राखावीत, काम त्यांच्या प्रतींवर करावे, आणि तयार पान 'तयार' अशा वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवावे (तो फोल्डर आधी करून ठेवावा). ते त्याच फोल्डरमध्ये ठेवले, तर पुढच्या खेपेस तेही एक चित्र म्हणून पानात शिरते. याच कुटुंबातील 'मॉग्रिफाय' ही आज्ञा तर मूळ फाइलच बदलते. तिच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे. विंडोजमध्ये 'कन्व्हर्ट' नावाची एक स्वतंत्र आज्ञा असून तिचा चित्रांशी काही संबंध नाही, ती डिस्कची रचना बदलते. जुन्या पुस्तकांत 'कन्व्हर्ट' असे दिसले, तर तेथे 'मॅजिक' वाचावे.

आता क्रम. सॉफ्टवेअर तारीख पाहत नाही, फाइलचे नाव पाहते. १, २, १० अशी नावे असतील तर दहावे चित्र दुसऱ्याच्या आधी येण्याचा संभव असतो. नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने ठेवावे : २०२४-०३-०५. महिना व दिवस नेहमी दोन अंकी. व्हॉट्सॲपवरून अँड्रॉइड मोबाइलवर आलेल्या चित्राच्या नावात जी तारीख दिसते, ती छायाचित्र काढल्याची नसते. सोमवारचे छायाचित्र नातेवाइकाने शनिवारी पाठविले तर नावात शनिवारच येतो, आणि मथळ्यातही. मूळ छायाचित्रात दडलेली काढल्याची नोंद अशा प्रवासात बहुधा पुसली गेलेली असते. म्हणून तपासणीच्या दिवशीच, केसपेपर समोर ठेवून, नाव बदलण्याची शिस्त कंपाउंडर किंवा सिस्टरना लावून द्यावी.

याहून गंभीर प्रश्न मापाचा आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र चौकटीत मावेल असे लहान-मोठे करते. पहिले छायाचित्र एका वितीवरून काढलेले, दुसरे दोन वितींवरून. पानावर दोन्ही सारख्याच आकाराच्या चौकटीत बसतात आणि दुसऱ्यातील जखम निम्मी दिसते. रुग्ण खूश होतो, नातेवाईक खूश होतात, आणि जखम मात्र होती तेवढीच असते. यावर उपाय एकच : प्रत्येक छायाचित्रात जखमेशेजारी, त्याच पातळीवर, सेंटिमीटरची कागदी पट्टी. मग प्रत्येक चित्रात एक सेंटिमीटर किती बिंदूंचा आहे ते मोजावे. पहिल्यात ८० आणि दुसऱ्यात १२० बिंदू असतील, तर दुसरे चित्र दोन तृतीयांश, म्हणजे ६६.६७ टक्के करावे. सर्व चित्रे अशी एका मापावर आणल्यावर 'जॉमेट्री'त आकार न देता केवळ +१२+१२ एवढेच लिहावे. सॉफ्टवेअर मग मापाला हात लावत नाही. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण ज्या पानावरून बोट की पाऊल हे ठरणार, तेथे दहा मिनिटे घालवावीत. रंगाबाबतही हेच धोरण ठेवावे. चौकटीत पांढरे गॉज दिसू द्यावे, खोलीतील दिवा तोच ठेवावा, आणि चित्र संगणकावर उजळू नये.

एक्स-रे आणि सी. टी.बाबत एक मर्यादा सांगितली पाहिजे. सी. टी.च्या मूळ प्रतिमेत करड्या रंगाच्या सुमारे ४०९६ छटा साठविता येतात, जेपीजीत २५६. तेव्हा असे पान समजावून सांगण्यासाठी, व्याख्यानासाठी उत्तम. निदानासाठी मूळ प्रतिमा तिच्या खास सॉफ्टवेअरमध्येच पाहावी. सोनोग्राफीच्या चित्रावर कोपऱ्यात रुग्णाचे नाव छापलेले असते, ते पान करण्यापूर्वी कापून टाकावे. मथळ्यात नाव नको, दवाखान्याचा अनुक्रमांक पुरे. आज्ञेत 'स्ट्रिप' हा पर्याय घातल्यास फाइलमध्ये लपलेली स्थळ-काळाची माहितीही निघून जाते. रुग्णाची संमती केसपेपरवर घ्यावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहेच, पण तो नसता तरी ती घ्यायलाच हवी.

आपल्या भागात मथळ्याची भाषा हाही प्रश्न येतो. रुग्णाचे कागद कन्नडमध्ये, घरची मंडळी मराठी, चिठ्ठी इंग्रजीत. इमेजमॅजिकच्या काही आवृत्त्यांत देवनागरी व कन्नड जोडाक्षरे तुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. त्यापेक्षा मथळ्यात केवळ अंकांतील तारीख ठेवावी, ती सीमेच्या दोन्ही बाजूंना वाचता येते.

पान पाठविताना ते मोबाइलवर 'फोटो' म्हणून न पाठविता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. एरवी ते लहान होते. समजा रुंदी १६०० बिंदूंवर आली, तर तीन स्तंभांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५३३ बिंदू उरतात, आणि सीमारेषा तेथेच पुसट होते. छापील प्रतही द्यावी, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत सारे कागद घेऊन हिंडणारा रुग्ण मोबाइल बदलतो, पिशवी बदलत नाही. ए-फोर आकाराचा आडवा कागद इंचाला ३०० बिंदूंनी छापायचा तर तो ३५०८ बाय २४८० बिंदूंचा होतो. त्यासाठी 'जॉमेट्री'त ११००एक्स११००+२०+२० असे लिहिल्यास तीन स्तंभ व दोन ओळी मथळ्यांसह बरोबर बसतात.