मेंदूचा ताळेबंद आणि मेंदूची रोजकीर्द

वार्षिक अहवालात रुग्णसंख्येच्या व जमाखर्चाच्या तक्त्यांसोबत एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देण्याची प्रथा आपल्या संस्थेने जपली आहे. यंदा एम.आर.आय. तपासणीद्वारे मेंदूची रचना व कार्य यांचा अभ्यास कसा होतो, हा विषय घेत आहोत. आम्ही वैद्यकीय शाखेचे नव्हे, वाणिज्य शाखेचे. तज्ज्ञ डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आमच्या परिभाषेत मांडण्याची मुभा वाचकांनी द्यावी.

“फिल्म तर नॉर्मल आली, मग झटके का येतात?” असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारतात. पैसे वाया गेले, अशी खंत त्यामागे असते. हिशेबनीसाला मात्र या प्रश्नाचे उत्तर कठीण वाटू नये. ३१ मार्चचा ताळेबंद त्या दिवशी काय शिल्लक आहे ते सांगतो. वर्षभर व्यवहार कसे झाले ते रोजकीर्दीत पाहावे लागते. नेहमीचा एम.आर.आय. हा मेंदूचा ताळेबंद होय. गाठ, रक्तस्राव, सूज, आक्रसलेला भाग यांची नोंद त्यात मिळते. अपस्माराच्या कित्येक रुग्णांत रचना ठीक दिसते आणि व्यवहार बिघडलेला असतो.

हा ताळेबंद तयार होतो पाण्याच्या साक्षीने. आपल्या शरीरात सुमारे दोन तृतीयांश पाणी आहे आणि पाण्यातील हायड्रोजनचे अणुकेंद्र हे अत्यंत सूक्ष्म लोहचुंबकासारखे वागते. दीड टेस्ला शक्तीच्या यंत्रातील चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. त्या क्षेत्रात ही अणुकेंद्रे एका विशिष्ट लयीत फिरतात. त्याच लयीच्या रेडिओलहरी सोडून त्यांना क्षणभर विचलित केले की पूर्वस्थितीस येताना ती स्वतःच क्षीण संदेश देतात. मेंदूचा करडा भाग, पांढरा भाग व पोकळ्यांतील द्रव हे वेगवेगळ्या गतीने पूर्वस्थितीस येतात, म्हणून चित्रात वेगळे दिसतात. यात क्ष-किरण नाहीत. या संदेशांतून चित्र उभे करण्याच्या पद्धतीबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक सूचना प्रशासक या नात्याने करणे भाग आहे. यंत्राचे चुंबकत्व तपासणी संपल्यावर बंद होत नाही. उणे २६९ अंश तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेले ते वेटोळे रात्रंदिवस जागे असते. २०१८ साली मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे लोखंडी सिलिंडर हाती घेऊन त्या खोलीत गेलेल्या तरुण नातेवाइकाचा मृत्यू झाला. दारावरील सेवक किल्ल्या, मोबाईल, दागिने काढावयास सांगतो व पेसमेकरविषयी विचारतो, तेव्हा कृपया त्याच्याशी वाद घालू नये.

आता रोजकीर्दीकडे वळू. मेंदूचा कोणता भाग कोणते काम करतो, हे जाणण्यास पूर्वी मृत्यूची वाट पाहावी लागे. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढील भागात वाणीचे स्थान असल्याचे दाखविले. तो मेंदू त्यांनी न कापता जपून ठेवला. सुमारे दीडशे वर्षांनी त्याचाच एम.आर.आय. काढण्यात आला; २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इजा ब्रोकांच्या समजापेक्षा बरीच खोलवर गेलेली आढळली. जुने दप्तर नष्ट करू नये, हे आम्ही कर्मचाऱ्यांना का सांगतो, त्याला यापरता उत्तम दाखला नाही.

जिवंत मेंदूचे व्यवहार पाहण्याची वाट सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखविली. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे अधिक रक्त धावते. प्राणवायूयुक्त व प्राणवायू सोडून दिलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म निराळे असल्याने संदेशात फरक पडतो. हा फरक अवघा एक-दोन टक्क्यांचा असतो आणि कामानंतर पाच-सहा सेकंदांनी कळसास पोहोचतो. म्हणजे दुकानातील विक्री आपल्याला दिसत नाही. दारात माल उतरविणाऱ्या गाड्या मोजून विक्रीचा अंदाज बांधावा लागतो. शिवाय खडीसाखरेच्या बारीक खड्याएवढ्या एका तुकड्यात लाखो पेशी असतात. सबब तीच कृती पुनःपुन्हा करवून घेऊन गणिताने निष्कर्ष काढला जातो.

गणितात ढिलाई झाली तर काय होते, हे अमेरिकेतील काही संशोधकांनी २००९ मध्ये दाखविले. त्यांनी यंत्रात एक मेलेला सॅमन जातीचा मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखविली’, आणि योग्य दुरुस्ती न करता आकडेमोड करताच मृत माशाच्या मेंदूत हालचाल ‘आढळली’! रंगीत ठिपक्यांचे चित्र पाहून भारावून जाण्यापूर्वी हा मासा आठवावा. आमच्या लेखापरीक्षकांना हा प्रसंग फार आवडला.

ही तपासणी नेहमीच्या रुग्णांसाठी नसते. डाव्या मेंदूत वाणीच्या स्थानाजवळ गाठ असेल, तर कोठवर कापता येईल हे शल्यविशारदास आधी कळावे, हा तिचा मोठा उपयोग. रुग्णाला यंत्रात निजवून चित्रांची नावे मनात घ्यावयास, शब्द वाचावयास किंवा एखाद्या अक्षराने आरंभ होणारे शब्द आठवावयास सांगतात. येथेच रुग्णाची भाषा व शिक्षण यांचा प्रश्न येतो.

निपाणीकडील एक गृहस्थ, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारे, आमच्याकडून मोठ्या शहरातील एका रुग्णालयात पाठविले गेले. घरात पत्नी-मुलांशी मराठी, आईशी कानडी; शाळा कानडी. देवनागरी ते लावून लावून वाचत. तेथे पडद्यावर हिंदी शब्द भराभर येत गेले, हे मागे पडत गेले, आणि नकाशा अंधूक आला. सोबत गेलेल्या मेहुण्याने ही बाब सांगितली नसती तर तोच नकाशा पुढे गेला असता. दुसऱ्या खेपेस चित्रे दाखवून, एकदा मराठीत व एकदा कानडीत नावे घ्यावयास लावली, तेव्हा स्पष्ट चित्र मिळाले. शस्त्रक्रियेनंतर ते बोलत घरी आले. काही आठवडे कानडी आकडे मात्र अडखळत, आणि हिशेब ते कानडीतच करीत.

देवनागरी वाचणे हे मेंदूला साधे काम नाही, हेही ध्यानी घ्यावे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात नंतर. उकार खाली, मात्रा वर, काना उजवीकडे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या नंदिनी चॅटर्जी सिंग व सहकाऱ्यांनी हिंदी वाचकांवर हीच कार्यात्मक तपासणी केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाचताना डाव्या मेंदूबरोबर उजव्याचाही सहभाग दिसला. मराठी वाचकाची लिपी तीच. इंग्रजी वाचकांवर बेतलेल्या अपेक्षेने आपल्या माणसाचे चित्र वाचताना सावध राहावे, इतके तरी यावरून म्हणता येते.

रचनेच्या चित्रालाही हाच न्याय लागू पडतो. तुलनेसाठी जगभर वापरला जाणारा प्रमाण मेंदू कॅनडातील माँट्रियल येथे, तेथील लोकांवरून घडविला गेला. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये पन्नास पुरुष व पन्नास स्त्रिया अशा शंभर तरुण भारतीयांच्या चित्रांवरून आपला नकाशा सिद्ध केला. त्यात भारतीय मेंदूची सरासरी उंची, रुंदी व आकारमान पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा कमी आढळले. याचा बुद्धीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण वार्धक्यातील स्मृतिभ्रंशात मेंदू किती आक्रसला हे ठरविताना परक्या मापाने मोजले, तर चूक संभवते.

निपाणीच्या त्या प्रसंगानंतर आमच्या संदर्भपत्रात तीन रकाने वाढविले: घरी बोलण्याची भाषा, वाचता येणारी लिपी आणि उजवा की डावा हात. शेवटचा रकाना यासाठी, की उजव्या हाताच्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक जणांत वाणी डाव्या मेंदूत असते, डावखुऱ्यांत हे प्रमाण कमी. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्या पत्रावर तसे स्पष्ट लिहावे, संकोच करू नये, अशी सूचना परिचारिकांस दिली आहे. त्यांची चाचणी चित्रांवर किंवा ऐकवून घेता येते. गडहिंग्लज, चंदगड व सीमाभागातून आलेल्या पत्रांवर पहिल्या रकान्यात दोन-दोन, क्वचित तीन भाषा लिहून येत आहेत. जागा अपुरी पडते. पुढील छपाईच्या वेळी तो रकाना रुंद करावयाचा आहे.