उपरी कोण?

शास्त्रपाठ : लेवीय २५:२३-३८, निर्गम २२:२५-२७, अनुवाद २४:१०-१३, आमोस २:६-८

हा पाठ वाचण्यापूर्वी वाचकांनी वरील शास्त्रभाग आपापल्या पवित्र शास्त्रातून सावकाश वाचावेत. चारही भाग आपल्या परिचयाचे आहेत. तथापि ते सलग, एकाच बैठकीत वाचण्याची आपल्याला सवय नसते. मलाही नव्हती. ती लागली एका अर्जामुळे, आणि त्या अर्जावर माझी सही आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंदिराच्या आवारभिंतीला लागून, रस्त्याच्या अंगाला, बारा-तेरा कुटुंबांनी पाले टाकली होती. भिंतीवरच्या लोखंडी गजांना दोर बांधायचा, ताडपत्री ओढायची, खाली दगड ठेवायचे, झाले घर. उपासनेस येणाऱ्यांना पदपथ सोडून वाहत्या रस्त्यातून चालावे लागे. एका रविवारी एका वृद्ध भगिनीस सायकलीचा धक्का बसून त्यांचे मनगट मोडले. पंच कमिटीची तातडीची सभा झाली आणि पालिकेच्या विभाग कार्यालयास अर्ज देण्याचे ठरले. मसुदा मी लिहावा, कारण माझे मराठी बरे, असे सर्वांचे मत पडले. मी तो लिहिला. त्यात 'अनधिकृत', 'उपद्रव' आणि 'उपासनास्थळाचे पावित्र्य' हे तिन्ही शब्दप्रयोग आहेत. पंधरवड्याने एका सकाळी पालिकेची गाडी आली आणि दुपारपर्यंत पदपथ मोकळा झाला. बांबू, ताडपत्र्या, भांडी आणि गोधड्या गाडीत गेल्या. दिवस श्रावणातले होते.

त्या वर्षी आमच्या भाषांतर समितीपुढे लेवीयाचा मसुदा होता. पंचविसाव्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनाशी आम्ही दोन दिवस अडलो. भूमी कायमची विकू नये, कारण ती देवाची आहे, एवढा भाग सोपा आहे. पुढे देव इस्राएलास सांगतो की तुम्ही माझ्यापाशी 'गेर' आणि 'तोशाव' आहा. 'गेर' म्हणजे आपले गाव व गोत सोडून दुसऱ्यांच्या मुलखात आश्रयाने राहणारा. 'तोशाव' म्हणजे वस्ती करून असलेला, परंतु वतनाचा हक्क नसलेला. आता वचनाचा रोख पाहा. हे शब्द कनान्यांस उद्देशून नाहीत, वाटसरूंस उद्देशून नाहीत. ज्यांना जमिनीचे वाटे मिळणार आहेत त्या वतनदारांस उद्देशून आहेत.

मराठीत ह्यासाठी एक जुना आणि नेमका शब्द आहे : 'उपरी'. इफिसकरांस पत्र २:१९ मुळे तो ख्रिस्ती वाचकांच्या कानावरचा आहे. परंतु हा शब्द धर्मग्रंथातून जन्मलेला नव्हे. तो महसुलाच्या दप्तरातला आहे. मराठेशाहीत गावची जमीन वंशपरंपरेने धारण करणारा तो मिरासदार, आणि बाहेरगावाहून येऊन कराराने जमीन कसणारा तो उपरी. मिरासदारास गावकीत मान, हक्क, बसायला जागा. उपऱ्याने पीक काढावे, सारा भरावा आणि बोलावले तर यावे. लेवीय २५:२३ ह्या दृष्टीने वाचले म्हणजे त्याचा धक्का कळतो : देवाच्या दप्तरात मिरासदार असा एकच आहे, बाकी सगळे उपरी.

येथे भाषांतरकाराच्या कामातली एक बारीक गोष्ट सांगतो. मूळ इब्रीत 'माझ्यापाशी', 'माझ्याबरोबर' असा अर्थ असलेला शब्द आहे. त्याच अध्यायाच्या पस्तिसाव्या वचनात, तुझा भाऊ कंगाल झाला तर त्याला सावर, तो गेर व तोशाव म्हणून तुझ्याबरोबर जगावा, असे सांगताना तेच 'बरोबर' पुन्हा येते. तुम्ही माझ्याबरोबर जसे, तसा तो तुमच्याबरोबर. जुन्या ग्रीक भाषांतरात पहिल्या ठिकाणी 'माझ्यासमोर' अशा अर्थाचा शब्द योजला गेला, दुसऱ्या ठिकाणी 'तुझ्याबरोबर' राहिला, आणि दोन वचनांना बांधणारा दोरा सुटला. आमच्या मसुद्यातही तो सुटलाच होता. तो पुन्हा बांधताना मला अर्जातला 'अनधिकृत' हा शब्द आठवला.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. पदपथ चालणाऱ्यांचा आहे, हे म्हणणे काही निर्दय माणसांचेच नव्हे. आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये, ही आज्ञा ह्याच लेवीयात आहे (१९:१४), आणि आंधळ्याची वाट चुकवणारा शापित, असे अनुवाद २७:१८ म्हणते. ज्या भगिनीचे मनगट मोडले तिचा त्या पदपथावर हक्क नव्हता काय? होता. सार्वजनिक जागा म्हणजे कोणाचीच नसलेली जागा नव्हे. ती सर्वांची जागा होय, आणि तिची राखण करणे हे पालिकेचे कर्तव्य आहे. गरिबांची बाजू घेताना हे विसरणारे उपदेशही मी ऐकले आहेत. उतारशाळेत जागा नव्हती, एवढ्यावर सगळा प्रश्न सोडविणारा नाताळचा उपदेश मला पुरेसा वाटत नाही.

मग ह्या दोन हक्कांचा निवाडा कसा व्हावा? आपल्या देशात ह्याचा सर्वांत गाजलेला निवाडा मुंबईच्या पदपथांवरून झाला. १३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी अथवा मुंबईबाहेर पाठविण्यात येईल. उघड्यावर, भर पावसात असे जिणे अमानुष आहे, हे कारण देण्यात आले. आणि हटविण्याचे काम त्याच पावसात सुरू झाले. लोकांना एस.टी.च्या गाड्यांत घालून पाठविण्यात आले. पत्रकार ओल्गा टेलिस व इतर काहीजण, तसेच खुद्द झोपड्यांत राहणारे काही अर्जदार न्यायालयात गेले. त्यांपैकी एक मजूर १९६१ साली सेलमहून काम शोधत मुंबईस आला होता. प्लास्टिकच्या आडोशासाठी त्याने झोपडीदादाला २,५०० रुपये मोजले होते आणि रोजी २३ रुपयांवर तो काम करीत होता. त्याला सेलमला पाठविले. तो परत आला, आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला. गावी काम असते तर तो १९६१ सालीच आला नसता.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार येतो, हे त्यातले वाक्य पुढे असंख्य खटल्यांत आधार म्हणून घेतले गेले. पण हा निकाल पदपथवासीयांच्या बाजूने लागला, असे पुष्कळजण समजतात ते खरे नाही. पदपथावर अतिक्रमण करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असेही न्यायालयाने म्हटले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३१४ मध्ये नोटिशीवाचून अतिक्रमण काढण्याची जी मुभा आहे ती रद्द केली नाही; मात्र सामान्यतः नोटीस द्यावी, म्हणणे ऐकावे, असा त्या कलमाचा अर्थ लावला. १९७६ च्या गणनेत नोंद होऊन ओळखपत्रे मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असे सांगितले. पण ती मिळेपर्यंत हटवू नये, अशी अट घातली नाही. आणि पावसाळ्यात कोणाला बेघर करू नये म्हणून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंतची मुदत घातली.

हक्क कायम, पण त्याला एक तारीख. ह्या मुदतीपाशी थांबून आता निर्गम २२ पाहा. शेजाऱ्याचे पांघरूण गहाण ठेवून घेतले असेल तर ते सूर्यास्तापूर्वी त्याला परत करावे, कारण तेवढेच त्याचे अंग झाकायला आहे. नंतर मूळ भाषेत अवघ्या दोन शब्दांचा प्रश्न येतो : 'बम्मे यिश्काव', तो कशात निजेल? कायद्याच्या कलमात प्रश्न क्वचितच असतो. येथे आहे, आणि त्याचे उत्तर दिलेले नाही. ह्या नियमाने कर्ज माफ होत नाही, सावकाराचा हक्क बुडत नाही. सकाळी त्याने पांघरूण पुन्हा मागावे. हक्काला फक्त रात्रीची हद्द घातली आहे. अनुवाद २४ ह्याच्या एक पाऊल पुढे जाते : गहाण घेणाऱ्याने घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, ऋणकोने स्वतः वस्तू आणून द्यावी. म्हणजे दारिद्र्य कितीही असो, उंबरठा त्याचा. ताडपत्रीच्या घराला उंबरठा असतो का? नोटिशीचा वाद शेवटी ह्याच प्रश्नाशी येऊन ठेपतो.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठापुढील प्रकरणात बांधकामे पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, पाडकामाचे चित्रीकरण करावे, असे निर्देश दिले. वृत्तपत्रांनी त्याचे योग्य ते स्वागत केले. परंतु रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय येथील अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत, असे त्याच निकालात नमूद आहे. ह्या निर्देशांतील पंधरा दिवस पदपथावरच्या पालाच्या वाट्याला येत नाहीत. त्याच वर्षी २८ जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑरेगन राज्यातील ग्रँट्स पास ह्या गावाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. तेथे सार्वजनिक जागेत निजण्यासाठी अंथरूण-पांघरूण मांडणे हाच गुन्हा ठरविला होता. दंड होता २९५ डॉलर. दोन्ही देशांतील परिस्थितीत पुष्कळ अंतर आहे आणि मी त्यांची तुलना करू इच्छीत नाही. पण निर्गमाच्या त्या प्रश्नातले पांघरूण तेथे थेट कायद्याच्या कलमात जाऊन बसले होते, हे नजरेआड करता येत नाही.

आमोसाचा शास्त्रभाग मी मुद्दाम शेवटी ठेवला. गहाणाच्या वस्त्रांवर पसरलेली माणसे त्याला कोठे दिसतात? बाजारात नव्हे, सावकाराच्या पेढीवर नव्हे, प्रत्येक वेदीजवळ. निर्गमाची आज्ञा मोडणारे लोक उपासक होते. ग्रीक भाषेत उपऱ्याला 'पारोइकोस' म्हणतात, आणि इफिसकरांस पत्रातला शब्द तोच आहे. 'पॅरिश' हा शब्द त्याच कुळातला. आरंभीच्या मंडळ्या आपल्या स्थानिक समूहाला उपऱ्यांची वस्ती म्हणवून घेत. त्या शब्दाला पुढे हद्द आली, आवार आले, आवाराला भिंत आली, आणि भिंतीवर गज आले. त्या गजांना कोणी दोर बांधला म्हणून आम्ही अर्ज केला.

त्या वर्षी दसऱ्यानंतर पाच कुटुंबे परत आली. त्यांतल्या एका बाईने मला ओळखले. अर्जाबद्दल तिला ठाऊक होते की नाही, मला कळले नाही. तिने एवढेच विचारले की गाडीत गेलेले सामान कोठे मिळते, तेथे कोणाला भेटावे लागते. मी तिच्याबरोबर विभाग कार्यालयात गेलो. गोदामात ताडपत्र्या होत्या, बांबू होते, गोधड्या नव्हत्या. भिजलेले कापड ठेवीत नाहीत, असे उत्तर मिळाले.

पुढच्या वर्षी पंच कमिटीने दुसरा अर्ज दिला. तोही माझ्याच हातचा. पदपथाची रस्त्याकडील चार फूट वाट मोकळी राहावी. हटविण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी आणि ती वाचून दाखवावी. पावसाळ्यात कारवाई करू नये. सामानाची यादी करून तिची प्रत कुटुंबाला द्यावी. आणि पुनर्वसनाच्या यादीसाठी ह्या कुटुंबांची पाहणी करावी. पहिली अट पाळण्याचे त्या पाच कुटुंबांनी आमच्याशी बोलून कबूल केले होते. कमिटीत ह्या अर्जावर मतभेद झाला. तिघांनी सही केली नाही, आणि त्यांपैकी एक त्या वृद्ध भगिनीचा मुलगा होता. त्याचे म्हणणे मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही. कार्यालयाने अर्जाची पोच दिली. पाहणीसाठी कोणी येण्यास सव्वा वर्ष लागले. यादीत तीन कुटुंबांची नावे लागली, दोघांची कागदपत्रे पहिल्या गाडीतच गेली होती.