उजेड वायरीत असतो

पोरा, आता दुकानावर तुझ्या नावाची पाटी लागली. गाडीला जादा दिवे लावायला येणारं गिऱ्हाईक दिव्यांचा खोका हातात घेऊनच येतं. वॅट किती, कंपनी कुठली, सगळं त्याला पाठ असतं. तुला तो एकच प्रश्न विचारणार, ‘लावून द्यायचे किती घेशील?’ आमचे उस्ताद म्हणायचे, उजेड दिव्यात नसतो, वायरीत असतो. त्यांनी मला सांगितलं ते तुला सांगतो, वर माझ्या काळात बदललेलं थोडं.

हिशेब आधी, पक्कड नंतर

वॅटला व्होल्टने भाग, अँपिअर मिळतात. पंचावन्न वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, भागिले १२, सव्वानऊ अँपिअरच्या आसपास. शंभर वॅटची जोडी असेल तर साडेसोळाच्या वर. एलईडी बारच्या खोक्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नकोस. बार बॅटरीला लावून मीटरने करंट मोज आणि तोच आकडा धर.

आता वायर. बॅटरीपासून दिव्यापर्यंत आणि परत, अशी सहा मीटर धर. एक स्क्वेअर एमएमच्या वायरीतून सव्वानऊ अँपिअर नेलेस तर जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. अडीचची वायर वापरलीस तर अर्ध्या व्होल्टाच्या आत भागतं. एका व्होल्टाने काय होतंय, असं वाटेल. पण हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे पैसे पूर्ण दिव्याचे मोजायचे आणि आंबोलीच्या घाटात पेटणार पाऊण दिवा. शंभर वॅटच्या जोडीला चारची वायर घे.

घराच्या वायरिंगमधली उरलेली वायर गाडीत घालू नकोस. गाडीला बारीक आणि भरपूर तारांची, लवचिक वायर लागते, नाहीतर थरथरीने ती आतल्या आत तुटते. विकत घेताना वरचं प्लास्टिक बघू नकोस, टोक सोलून तांबं बघ. एक तार ब्लेडने खरवड. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, तिथल्या तिथे परत कर.

फ्यूज बॅटरीपासून एका वितीत

फ्यूज दिवा वाचवायला असतो असं बरेच जण समजतात. तो वायर वाचवायला असतो. फ्यूजच्या अलीकडची वायर उघडी पडून बॉडीला घासली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि त्या तुकड्याला वाली कोणी नसतो. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत हवा. आकडा करंटपेक्षा सव्वापट किंवा थोडा जास्त घे. पंचावन्नच्या जोडीला १५ चा, शंभरच्या जोडीला २५ चा. वायरीच्या ताकदीपेक्षा मोठा फ्यूज कधीच नाही. फ्यूज उडाला म्हणून त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्याला दुकानात उभा करू नकोस.

काम सुरू करताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, जोडताना तो शेवटी. प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी कशी उडते, हे बघायची वेळ येऊ देऊ नकोस.

रिलेचे चार आकडे

दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून नेलास तर स्विच वितळेल, नाहीतर उजेड मरेल. म्हणून रिले. त्याच्या बुडाशी आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला दिव्याकडे जाणारी. ८५ आणि ८६ कॉइलचे, एकाला अर्थ आणि दुसऱ्याला स्विचकडून येणारा सप्लाय. कॉइल फार तर पाव अँपिअरच्या आत ओढते, म्हणून तिथे बारीक वायर चालते. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए मोकळीच ठेव, पण उघडी ठेवू नकोस. रिले बंद असताना ३० चा करंट तिथेच येऊन बसलेला असतो. आणि रिले लावताना पिना खाली तोंड करून, म्हणजे पावसाचं पाणी आत साठणार नाही.

लांबचा झोत टाकणाऱ्या दिव्यांची कॉइल गाडीच्या अप्परवरून चालव आणि मध्ये स्विच घाल. समोरून कोणी आलं आणि ड्रायव्हरने डिपर मारला की जादा दिवेही आपोआप विझले पाहिजेत. त्यासाठी वेगळं बटण शोधायला लावलंस तर तो शोधणार नाही. फॉगची कॉइल पार्किंग लाइटवरून घे.

नव्या गाडीत मात्र हेडलाइटची वायर कापू नकोस. तिच्यावर कॉम्प्युटरची नजर असते. काही गाड्यांत तो सप्लाय सलग नसतो, तुकड्यातुकड्याने येतो आणि रिले टकटक करत राहतो. अशा गाडीला त्या मॉडेलचं तयार कपलरचं हार्नेस मागव. गिऱ्हाईकाची वॉरंटीही त्यामुळे वादात सापडत नाही.

करंट गेला तसा परत यायला हवा

दुकानात मिणमिणता दिवा घेऊन जी गाडी येते, तिचं दुखणं बऱ्याचदा अर्थमध्ये असतं. लोक प्लसची वायर जाड घेतात आणि अर्थ रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने दाबून टाकतात. रंगातून करंट जात नाही. जागा निवड, पॉलिश पेपरने पांढरं लोखंड चमकेपर्यंत घास, दातेरी वॉशर घाल, लग बसव, नट आवळ आणि वरून ग्रीस फास. इथे किनाऱ्यावर, मालवण-वेंगुर्ल्याच्या गाड्यांना हे आणखी महत्त्वाचं. खाऱ्या हवेत उघडं लोखंड एका पावसाळ्यात फुलून येतं.

काही नव्या गाड्यांच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर छोटा सेन्सर असतो. तिथे अर्थ बॅटरीच्या टोकाला बांधू नकोस, बॉडीवर बांध. नाहीतर दिव्याने खाल्लेला करंट गाडीला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो.

जोड आणि वाट

दोन तारा पिळून वर टेप मारणं म्हणजे काम संपवण्याची घाई. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पाघळतो आणि जोड उघडा पडतो. लग पक्कडीने नीट दाब, ओढून बघ, मग हीट-श्रिंक चढव. डाग दिलेला जोड घरात चांगला, गाडीत नाही. कथील तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि जिथे कडक आणि मऊ भाग भेटतात तिथेच थरथरीने तुटते.

वायर सायलेन्सरच्या बाजूने, पंख्याजवळून किंवा स्टिअरिंगच्या रॉडला लागून नेऊ नकोस. इंजिनाकडून केबिनमध्ये नेताना पत्र्याच्या भोकात रबराचा ग्रोमेट हवाच. कपलरच्या आधी वायरीला खाली झोळ दे, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकेल, कपलरात शिरणार नाही. खोक्यावर आयपी ६७ लिहिलंय म्हणजे दिवा मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण ती हमी दिव्याची आहे, तुझ्या जोडाची नाही.

कुठे लावायचा, कुठे बघायचा

धुक्यात जास्त उजेड म्हणजे जास्त पांढरी भिंत. थेंबांवर आपटून उजेड आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून फॉगचा दिवा खाली, बंपरमध्ये. झोत रुंद आणि वरून सपाट कापलेला. बहुतेक गाड्यांना कंपनीने ती जागा सोडलेलीच असते. पिवळा की पांढरा, यावर गिऱ्हाईक वाद घालेल. पिवळा धुकं भेदतो असं नाही, धुक्याच्या थेंबांना रंगाचं देणंघेणं नसतं. पण डोळ्याला तो कमी टोचतो, म्हणून हवा असेल तर घेऊ दे. टपावरचा एलईडी बार दिसायला रुबाबदार, पण त्याचा उजेड बॉनेटवर पडून ड्रायव्हरच्याच डोळ्यांवर येतो आणि पावसात समोर पडदा उभा राहतो.

दिवे बसवल्यावर गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी कर. टाकीत डिझेल असू दे, पुढच्या सीटवर कोणाला तरी बसव. दिव्याची उंची भिंतीवर खडूने आख. लांबच्या झोताचा मध्य त्या रेषेच्या किंचित खाली, फॉगची वरची कड चार बोटं खाली.

कायद्याचं गिऱ्हाईकाला आधी सांग

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातल्या नियम १११ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. नियम १०६ सांगतो की दिव्यापासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवरचा डोळा दिपता कामा नये. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचा डोळा साधारण तिथेच असतो. बुलबारवर दिवे लावून दे म्हणणारेही येतील. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं आहे, तेव्हा दिव्यांसाठी त्याचा आधार घेऊ नकोस. बागेत, खाजगी रानवाटेवर, गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत जादा दिवे पेटोत. डांबरी रस्त्यावर मंजुरी नसलेल्या दिव्यांवर कव्हर हवं आणि त्यांचा स्विच बंद हवा.

गाडी देण्याआधी

इंजिन चालू, दिवे चालू. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं दिव्याच्या प्लसला. अर्ध्या व्होल्टाच्या आत आलं तर वायर बरोबर. मग निगेटिव्हच्या बाजूनेही तसंच. अर्धा तास पेटलेले ठेवून रिले, फ्यूजची बैठक आणि कपलर हाताने चाचप. कोमट चालेल, चटका बसला तर जोड ढिला आहे. हॅलोजनच्या काचेला बोट लावलं असशील तर स्पिरिटने पूस, तेलाचा डाग पडला की काच तिथेच तडकते. गिऱ्हाईकाला फ्यूज कुठे आहे ते दाखव, एक जादा फ्यूज हातात दे आणि महिनाभराने नट आवळायला बोलाव.

बिल लिहिताना वायर, रिले, फ्यूज, लग, मजुरी वेगवेगळं लिही, म्हणजे पैसे कुठे गेले ते कळतं. ‘फ्यूज-रिले राहू दे, डायरेक्ट जोड, स्वस्तात कर’ म्हणणारा येईल, आठवड्याला एक तरी येईलच. त्याला चहा पाज, दिवे खोक्यात घाल आणि खोका परत दे.