विंडोज, लिनक्स आणि एक सामायिक फोल्डर

फायनल इयरचा प्रोजेक्ट सुरू झाला की रूमवर एक लोचा हमखास होतो. एकाच्या लॅपटॉपवर विंडोज, दुसऱ्याच्या उबंटू, आणि मध्ये पेनड्राइव्हच्या फेऱ्या. रिपोर्टच्या चार आवृत्त्या होतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री त्यातली शेवटची कोणती यावरून वाद! यावर उपाय म्हणजे सर्वांचा मिळून एकच फोल्डर. आमच्या रूममध्ये विंडोज ११, उबंटू आणि एक मॅकबुक अशी तीन मशीन आहेत, ती अशी जोडली आहेत. घरीसुद्धा हेच चालतं.

आधी मशीन एकमेकांना सापडली पाहिजेत. सर्व एकाच राउटरला जोडा आणि विंडोजवर 'आयपीकॉन्फिग', लिनक्सवर 'आयपी ॲडर' ही कमांड द्या. सगळे पत्ते १९२.१६८.१ असे सारखे सुरू झाले की ठीक. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, मशीनने स्वतःच एक घेतलाय. आधी केबल बघा. मग पिंग करा. एका बाजूने जातो, दुसऱ्या बाजूने नाही? बहुतेक वेळा विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' धरलेलं असतं. ते 'प्रायव्हेट' करून फाइल शेअरिंग चालू करा. वैतागून फायरवॉलच बंद करणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका. वायफायवर इंटरनेट चालतं पण मशीन एकमेकांना दिसत नाहीत, असं असेल तर तुम्ही राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर आहात का ते तपासा.

आता भाषेचा प्रश्न. विंडोज फाइल मागते ती एसएमबी या प्रोटोकॉलमध्ये. लिनक्सला तो शिकवतो सांबा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करताना १९९१-९२ मध्ये याची सुरुवात केली, तीही नेटवर्कवरची पॅकेट्स वाचून! एस, एम, बी ही अक्षरं या क्रमाने असलेले शब्द त्यांनी शब्दयादीत शोधले, त्यात 'सांबा' सापडला. मॅकचा प्रश्नच नाही. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून एसएमबी हाच मुख्य प्रोटोकॉल केला.

उबंटूवर सांबा इन्स्टॉल करून त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये शेअरचं नाव, फोल्डरचा पाथ आणि 'रीड ओन्ली = नो' लिहा. 'टेस्टपार्म' ही कमांड स्पेलिंगच्या चुका दाखवते. यानंतर बहुतेक जण अडकतात ते पासवर्डवर. लिनक्सचा लॉगिन पासवर्ड सांबाला चालत नाही. 'एसएमबीपासडब्ल्यूडी' ही कमांड 'वजा ए' लावून देऊन वेगळा पासवर्ड करावा लागतो, आणि तो युजर लिनक्सवर आधीपासून असावा लागतो. फोल्डर उघडतो पण सेव्ह होत नाही, असं झालं तर त्या फोल्डरची लिनक्समधली परमिशन बघा. सांबा परवानगी देतो, पण शेवटचा शब्द फाइलसिस्टिमचा.

विंडोजच्या 'नेटवर्क'मध्ये उबंटू मशीन दिसलं नाही तरी घाबरू नका. रन बॉक्समध्ये दोन उलटे स्लॅश, आयपी पत्ता, एक उलटा स्लॅश आणि शेअरचं नाव टाका, उघडेल. जुन्या लेखांमध्ये 'एसएमबी १ चालू करा' असा सल्ला असतो, तो मानू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो त्याच्याच भगदाडातून, आणि त्याच वर्षीच्या शेवटच्या विंडोज १० अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तो येणं जवळपास थांबलं.

फाइलच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह नको, विंडोजला ते चालत नाही.

हॉस्टेलसाठी एक खास सूचना. भिंतीतली लॅन केबल स्वतःच्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये खुपसू नका. तुमचा राउटर अख्ख्या मजल्याला पत्ते वाटायला लागतो, ज्याला तो पत्ता मिळतो त्याचं नेट जातं, आणि कारण शोधायला नेटवर्कवाल्या सरांची दुपार जाते. लावायचीच असेल तर वॅन पोर्टमध्ये, तेही सरांना विचारून.