‘स्केपगोट’ म्हणजे बळीचा बकरा काय?

पाथरी तालुक्यांतील एका उपदेशक बंधूंनीं विचारिलें आहे कीं, इंग्रजी पुस्तकांत वारंवार येणाऱ्या ‘स्केपगोट’ ह्या शब्दास मराठींत ‘बळीचा बकरा’ म्हणावें कीं नाहीं. प्रश्न शब्दाचा दिसतो, परंतु तो उपदेशाच्या अर्थाशीं लागून आहे.

लेवीय १६ वा अध्याय उघडावा. प्रायश्चित्ताच्या दिवशीं दोन बकरे आणीत. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठीं ठरे. त्याचा वध होई. दुसऱ्याच्या मस्तकावर अहरोन दोन्ही हात ठेवून इस्राएल लोकांचीं पातकें कबूल करी, व तो बकरा जिवंतच रानांत सोडून देत. तेथें इब्री भाषेंत ‘अजाजेल’ हा कठीण शब्द आहे. विल्यम टिंडेल ह्यांनीं १५३० सालीं पंचग्रंथाचें इंग्रजी भाषांतर छापिलें, तेव्हां त्याचा अर्थ ‘निघून जाणारा बकरा’ असा घेऊन, ‘स्केप’ म्हणजे निसटणें व ‘गोट’ म्हणजे बकरा, हे जोडून नवा शब्द घडविला. १६११ च्या भाषांतरांत तो राहिला. १८८५ च्या सुधारलेल्या भाषांतरांत मूळचा ‘अजाजेल’ परत आला. त्याच्या अर्थाविषयीं विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं.

आमच्या गांवांत बळीचा बकरा म्हटला कीं सुरी डोळ्यांपुढें येते. ‘स्केपगोट’ मात्र ओझें घेऊन दूर जातो. व्यवहारांत, दुसऱ्याचा दोष ज्याच्या माथीं मारिला त्याविषयीं ‘बळीचा बकरा’ म्हणण्यास हरकत नाहीं. किंबहुना मंडळींत वर्गणीचा हिशेब चुकला कीं गरीब विधवेकडे बोट दाखविणारे असतात, त्यांना तो शब्द ऐकवावाच. परंतु लेवीय शिकवितांना ‘सोडून दिलेला बकरा’ असेंच म्हणावें. नाहींतर पापें दूर नेलीं जातात ही अर्धी शिकवण सुटते, आणि बकरे दोन कां होते हें श्रोत्यांस उमगत नाहीं.

दुसरा प्रश्न ‘फॉक्स’ विषयीं. प्रभूनें हेरोदास जें नांव दिलें (लूक १३:३२) तें इंग्रजींत ‘फॉक्स’, म्हणजे खरें पाहतां खोकड. गोदाकाठच्या शिवारांत रात्रीं कुई करितो तो कोल्हा ‘जॅकल’ होय. लबाडी इंग्रज खोकडास चिकटवितात व आपण कोल्ह्यास, म्हणून उपदेशांत कोल्हा म्हटल्यानें कांहीं बिघडत नाहीं. शाळेंत मुलांस मात्र भेद सांगावा.

व्याकरणाचा एक खडा राहिला. ‘शीप’ हा शब्द एका मेंढरास व शंभरांस सारखाच. अनेकवचनाचें ‘एस’ त्यास लागत नाहीं. ‘इज’ असेल तर एक, ‘आर’ असेल तर अनेक, असें क्रियापदावरून ओळखावें. लूक १५ मध्यें हरवलेलें मेंढरूं एक आहे; मत्तय १०:६ मध्यें तोच शब्द इस्राएल घराण्यांतील पुष्कळांविषयीं आहे. तेथें क्रियापदाचीही मदत नाहीं. मागचा-पुढचा मजकूर वाचूनच ठरवावें लागतें.