फॅक्स अद्याप का टिकून आहे?

पेढीवर दोन वस्तू जपाव्या लागतात : रक्कम आणि गुपित. गेलेली रक्कम उद्योगाने पुन्हा मिळविता येते; फुटलेले गुपित पुन्हा तिजोरीत घालता येत नाही. म्हणूनच ज्या व्यवसायांत परक्याची खासगी माहिती सांभाळावी लागते, ते जुनी साधने सहसा टाकीत नाहीत. फॅक्स हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या यंत्राच्या मूळ कल्पनेचे पेटंट अलेक्झांडर बेन या स्कॉटिश संशोधकाने १८४३ साली घेतले. म्हणजे ती टेलिफोनहूनही जुनी आहे. आपल्याकडील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. फॅक्स मात्र परदेशी रुग्णालयांत टिकून राहिला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१८ साली आठ हजारांहून अधिक फॅक्सयंत्रे आढळली. जानेवारी २०१९ पासून त्यांची खरेदी बंद करून मार्च २०२० अखेर ती काढून टाकावीत, असा हुकूम निघाला. जपान सरकारने २०२१ साली असाच बेत केला. परंतु खुद्द सरकारी कचेऱ्यांतूनच शेकडो हरकती आल्या आणि तो मागे पडला.

याची कारणे तीन आहेत. पहिले कायद्याचे : अमेरिकेतील १९९६ च्या कायद्याखालील आरोग्यमाहितीच्या सुरक्षानियमांत, कागदावरून थेट कागदावर धाडलेला फॅक्स इलेक्ट्रॉनिक प्रेषणात धरला जात नाही. दुसरे सोयीचे : निरनिराळ्या रुग्णालयांच्या संगणकांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, फॅक्सला केवळ क्रमांक पुरतो. तिसरे मनाचे : सही डोळ्यांना दिसते, कागद पोहोचल्याची नोंद हाती येते, आणि भरवसा वाटतो.

हा भरवसा कितपत खरा? एक आकडा चुकला की रुग्णाचा अहवाल परक्याच्या दारी पडतो. बरोबर पोहोचलेला कागदही यंत्रापाशी येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांस वाचता येतो. शिवाय आता फॅक्स पुष्कळदा इंटरनेटवरूनच जातो. जर्मनीतील ब्रेमेन राज्याच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी २०२१ साली बजाविले, की अशा फॅक्सची सुरक्षितता उघड्या पोस्टकार्डाइतकीच आहे.

व्यापारी बंधूंनी यावरून एवढाच बोध घ्यावा : साधन जुने म्हणून विश्वासू नव्हे, आणि नवे म्हणूनही नव्हे. ग्राहकाचा हिशेब धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. तो वाटेत कोणाच्या हाती पडेल? तेथे कोण उघडील? चूक झाल्यास आपणांस कळेल काय? ज्या साधनाविषयी यांची उत्तरे समाधानकारक मिळतील, तेच पेढीवर ठेवावे. ग्राहकाने आपली माहिती यंत्राच्या नव्हे, आपल्या हवाली केलेली असते.